गॉब्लिन क्वीन कोण? एका बायकोची राक्षसीण कशी झाली

मार्च २०२४ मध्ये ‘एक्स-मेन ९७’ ही ॲनिमेशन मालिका सुरू झाली. दुसऱ्या भागाच्या शेवटी दार वाजतं आणि दारात जीन ग्रे उभी असते, थकलेली, मदत मागणारी. पण जीन ग्रे तर घरातही असते, नवऱ्यासोबत, नुकत्याच जन्मलेल्या बाळासह. तिसऱ्या भागात कळतं की घरात राहणारी जीन ही खऱ्या जीनची प्रत आहे. मग बघता बघता ती काळ्या चिंध्यांच्या पोशाखातली, दैत्यांना हुकूम सोडणारी ‘गॉब्लिन क्वीन’ होते, स्वतःच्याच माणसांवर चालून जाते, भानावर येते, मॅडेलिन प्रायर हे नवं नाव घेते आणि घर सोडून निघून जाते. एवढं सगळं अर्ध्या तासात.

ज्यांनी मूळ कॉमिक्स वाचलेली नाहीत, त्यांना हे झेपलं नाही यात त्यांचा काही दोष नाही. कॉमिक्समध्ये या गोष्टीला सहा वर्षं लागली, १९८३ ते १९८९. आणि त्या सहा वर्षांत ती लिहिणाऱ्यांचे बेत मध्येच उलटले. म्हणून ही खलनायिका समजून घ्यायची तर दोन गोष्टी एकदम वाचाव्या लागतात. एक पानावर घडलेली आणि दुसरी प्रकाशकाच्या कचेरीत घडलेली. मला स्वतःला दुसरी कळली तेव्हाच पहिलीचा अर्थ लागला, आणि तेव्हापासून मॅडेलिनकडे मी ‘दुष्ट बाई’ म्हणून पाहू शकलेलो नाही.

आधी जीन ग्रे

एक-दोन शब्द सुरुवातीलाच स्पष्ट करून घेऊ. ‘म्युटंट’ म्हणजे जन्मतःच एखादी अचाट शक्ती घेऊन आलेली माणसं. ‘एक्स-मेन’ हा अशा म्युटंटांचा गट. स्कॉट समर्स, म्हणजेच सायक्लॉप्स, याच्या डोळ्यांतून विध्वंसक किरण निघतात. जीन ग्रेला दुसऱ्याच्या मनातलं कळतं आणि हात न लावता ती वस्तू हलवू शकते. दोघांचं एकमेकांवर प्रेम.

सत्तरच्या दशकात जीनला ‘फिनिक्स’ ही विश्वाएवढी शक्ती मिळाली आणि तिने जीनचा ताबा घेतला. १९८० मध्ये लेखक क्रिस क्लेरमॉंट आणि चित्रकार जॉन बर्न यांच्या कथेत जीनने भुकेच्या भरात एक अख्खा तारा गिळला आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मेले. तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला जिवंत ठेवायचं, असा लेखकांचा बेत होता. मुख्य संपादक जिम शूटर यांना तो पटला नाही. एवढ्या हत्या करून कोणी सुखाने घरी जाऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवट बदलला. ‘एक्स-मेन’च्या १३७व्या अंकात जीनने चंद्रावर स्वतःचा जीव दिला.

हे लक्षात ठेवा: पाप मोठं होतं, म्हणून मरण आलं. पुढचा सगळा घोळ याच हिशेबातून सुरू होतो.

तोच चेहरा, दुसरी बाई

१९८३ मध्ये १६८व्या अंकात स्कॉट अलास्कात आपल्या आजी-आजोबांकडे जातो. त्यांची छोटी विमान कंपनी असते आणि तिथे एक वैमानिक काम करत असते, मॅडेलिन प्रायर. तिचा चेहरा हुबेहूब जीनसारखा. पुढे आणखी एक चमत्कारिक गोष्ट कळते. ती एका विमान अपघातातून एकटीच वाचलेली असते आणि तो अपघात झालेला असतो नेमका जीन मेली त्याच दिवशी.

वाचकाला शंका यावी म्हणूनच हे सगळं पेरलं होतं. पण क्लेरमॉंट यांनी त्या शंकेचं उत्तर तेव्हाच देऊन टाकलं होतं. १९८३ मध्येच मास्टरमाइंड नावाचा खलपुरुष भास निर्माण करतो आणि सगळ्यांना वाटू लागतं की मॅडेलिन हीच परतलेली फिनिक्स आहे. १७५व्या अंकात भासाचा पडदा फाटतो. ती कोणी फिनिक्स वगैरे नाही, एक साधीसुधी माणूस आहे, हे सिद्ध होतं आणि त्याच अंकात स्कॉटचं तिच्याशी लग्न लागतं.

या अंकाचं मोल मला फार वाटतं. प्रिय माणूस गेल्यावर त्याच्यासारखं दिसणारं कोणी भेटलं तर मन काय काय खेळ करतं, आणि त्या खेळातून बाहेर येऊन समोरच्या माणसाला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारायला किती बळ लागतं, ती ही गोष्ट होती. क्लेरमॉंट यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की स्कॉटला सुखाने निवृत्त करायचं, संसाराला लावायचं, हाच त्यांचा मूळ बेत होता. म्हणजे मॅडेलिन हे स्कॉटच्या गोष्टीचं सुखाचं शेवटचं पान होतं.

१९८५ मधली आणखी एक कथा आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. त्यात लोकी या कपटी देवाच्या जादूने मॅडेलिनला कोणताही आजार बरा करण्याची शक्ती मिळते. पण त्या देणगीपायी दुसऱ्या कोणाचा तरी जीव जाणार हे कळल्यावर देणगी परत केली जाते आणि मॅडेलिन पुन्हा साधी बाई होते. पुढे जिला राक्षसीण म्हणायचं, ती हीच.

मेलेली जीन जिवंत कशी झाली?

१९८६ साली या कॉमिक्सच्या प्रकाशकाला, म्हणजे मार्व्हलला, एक नवी मालिका काढायची होती, ‘एक्स-फॅक्टर’. एक्स-मेनच्या अगदी पहिल्या पाच जणांना पुन्हा एकत्र आणणारी. पाचातली एक मेलेली होती, म्हणून तिला जिवंत करायचं ठरलं. पण पाच अब्ज जिवांचं काय? शूटर यांनीच घातलेली अट आता आडवी आली.

यावर जो उपाय निघाला त्याला कॉमिक्सच्या जगात ‘रेटकॉन’ म्हणतात. आधीच छापून झालेल्या गोष्टीचा अर्थ नंतर बदलायचा, म्हणजे रेटकॉन. जुनी रोजनिशी घ्या. त्यात दहा वर्षांपूर्वीच्या पानावर एक रिकामी ओळ आहे. तिथे आज तुम्ही लिहिलंत, ‘त्या दिवशी जी मी म्हणून वावरली, ती मी नव्हतेच.’ बाकी एकही शब्द खोडला नाही, तरी पुढच्या साऱ्या पानांचा अर्थ फिरला.

इथे नेमकं तेच केलं. ताऱ्याचा घास घेणारी ती जीन नव्हतीच, जीनचं रूप घेतलेली फिनिक्स शक्ती होती, असं ठरलं. खरी जीन तो सगळा काळ न्यूयॉर्कजवळ जमैका बे नावाच्या खाडीच्या तळाशी एका कोषात झोपली होती. तिच्या हातून काही झालंच नव्हतं. एका ओळीत ती निर्दोष सुटली.

जीन सुटली याचं मला दुःख नाही. पण कोणी एक सुटलं की त्याचा भार कुठेतरी जाऊन पडतो. तो कोणावर पडला ते आता बघू.

फोन आला आणि नवरा गेला

‘एक्स-फॅक्टर’च्या पहिल्या अंकात स्कॉट अलास्कात बायको आणि तान्ह्या मुलासोबत राहत असतो. मुलाचं नाव नेथन. त्याचा जन्म झाला तेव्हाही स्कॉट जवळ नव्हता, मोहिमेवर होता. आता जुन्या मित्राचा फोन येतो: जीन जिवंत आहे. मॅडेलिन विनवते, भांडते, गेलास तर परत येऊ नकोस असं सांगते. स्कॉट जातो. आणि जीनला भेटल्यावर आपलं लग्न झालंय, मूल आहे, हे तो तिला लगेच सांगतही नाही.

सुपरहिरोच्या गोष्टींत माणसं मरतात, ग्रह फुटतात, काळ मागेपुढे होतो. पण वाचकांच्या मनातून आजही न गेलेली गोष्ट ही आहे. कारण ताऱ्याचा स्फोट कोणी पाहिलेला नसतो, पाठ फिरवून गेलेलं माणूस मात्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं.

मॅडेलिनच्या वाट्याला पुढे जे आलं ते वेगाने आलं. मरॉडर्स नावाच्या मारेकऱ्यांनी तिच्यावर हल्ला केला आणि मूल पळवून नेलं. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयात बेशुद्ध पडली होती, नाव-गाव माहीत नसलेली रुग्ण म्हणून. घर रिकामं झालं, ती कधी अस्तित्वात होती याच्या खुणादेखील पुसल्या गेल्या. एक्स-मेनने तिला आसरा दिला. ऑस्ट्रेलियातल्या ओसाड भागात ती त्यांच्यासोबत राहू लागली, संगणक सांभाळू लागली. तिथेच एक दिवस पडद्यावर तिला तिचा नवरा दिसला. शेजारी जीन.

क्लोन म्हणजे काय, आणि ते केव्हा ठरलं?

आता कथेपुढे एक कोडं पडलं होतं. नायकाने बायकामुलाला टाकलं, हे पानावर छापून गेलेलं. ते पुसता येत नव्हतं. मग काय करता येतं? बायकोचा अर्थ बदलता येतो. दुसरा रेटकॉन आला.

त्यासाठी मिस्टर सिनिस्टर हा खलपुरुष वापरला गेला. तो माणसांच्या आनुवंशिकतेवर प्रयोग करणारा. समर्स आणि ग्रे या दोन घराण्यांच्या संकरातून जन्मणारं मूल प्रचंड शक्तिशाली असेल, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने जीनच्या पेशींपासून तिचा ‘क्लोन’ वाढवला. क्लोन म्हणजे काय हे समजायला गुलाबाचं कलम डोळ्यांसमोर आणा. फांदी कापून दुसरीकडे लावली तर तसाच गुलाब येतो, तोच रंग, तीच पाकळी. पण माती वेगळी, ऊन वेगळं, वाढण्याचे दिवसही वेगळे. ते झाड मूळ झाडाचा तुकडा राहत नाही, स्वतःचं आयुष्य जगतं.

सिनिस्टरचं कलम मात्र जगेना. देह तयार, पण आत चैतन्य नाही. चंद्रावर फिनिक्स मेली तेव्हा तिच्यातली ठिणगी आधी खाडीतल्या झोपलेल्या जीनकडे गेली. त्या ठिणगीत ताऱ्याच्या हत्येची आठवण होती. जीनने ती नाकारली. मग ती ठिणगी सिनिस्टरच्या त्या निर्जीव देहात शिरली आणि मॅडेलिन जागी झाली. सिनिस्टरने तिच्या मनात खोटं बालपण भरलं, विमान अपघाताची गोष्ट रचली आणि तिला स्कॉटच्या वाटेवर आणून ठेवलं.

कथा म्हणून हे कौशल्याने जुळवलेलं आहे, यात वाद नाही. १९८३ मधले सगळे योगायोग, तो चेहरा, ती तारीख, एका फटक्यात सुटतात. पण त्याची किंमत बघा. ‘ही जीन नाही, ही स्वतंत्र बाई आहे’ असं जिच्याबद्दल लग्नाच्या दिवशी छापून सांगितलं होतं, तिच्याबद्दल आता सांगितलं गेलं की ती जीनचीच नक्कल आहे आणि तिचं प्रेमसुद्धा कोणीतरी पेरलेलं आहे. पहिल्या रेटकॉनने एका बाईच्या अंगावरचा डाग धुतला आणि दुसऱ्याने दुसरीला डागलं. आणि त्या ठिणगीसोबत जीनने नाकारलेलं पापही मॅडेलिनच्या पदरात आलं.

मग दैत्य कुठून आले?

‘गॉब्लिन’ हे युरोपीय लोककथांतलं बुटकं, कपटी भूत. आणि ‘लिंबो’ म्हणजे मार्व्हलच्या कथांमधलं दैत्यांचं एक वेगळंच जग, जिथे काळ आपल्यासारखा चालत नाही.

पडद्यावर नवरा आणि जीन दिसल्यानंतर, १९८८ मधल्या एका अंकात, सिम नावाचा लिंबोचा दैत्य मॅडेलिनच्या स्वप्नात येतो. तुझं दुःख पुसण्याची ताकद देतो, म्हणतो. ती होकार देते, कारण तिला वाटतं हे स्वप्नच तर आहे, स्वप्नात हो म्हटल्याने काय होणार? पुढे नॅस्टिर नावाचा दुसरा दैत्य तिचं मूल शोधून देण्याचं आमिष दाखवतो. एवढ्यावरून तिला ‘सत्तेची हाव सुटली’ असं म्हणणाऱ्यांनी तो अंक पुन्हा उघडून बघावा. तिला हवं होतं ते तिचं मूल, आणि ज्यांनी ते हिरावलं त्यांचा सूड.

नेब्रास्कातल्या ज्या अनाथालयात स्कॉट वाढला होता तिथे ती सिनिस्टरपर्यंत पोचते, आणि तो तिला ती क्लोन असल्याचं सांगतो. ‘अनकॅनी एक्स-मेन’चा २४१वा अंक, १९८९ ची सुरुवात. माझ्या मते ती राक्षसीण होते ती याच क्षणी. तिची शक्ती आणि तो पोशाख आधीच आलेले असतात. पण माघारी वळण्याची वाट इथे बंद होते, कारण माघारी जायला काही उरतच नाही. नवरा नाही, घर नाही, बालपण खोटं, प्रेम पेरलेलं.

मग ‘इन्फर्नो’ घडतं. एकच मोठं कथानक अनेक मालिकांमध्ये वाटून सांगतात, त्याला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. हा तसाच होता. क्लेरमॉंट आणि लुईस सायमन्सन यांनी तो प्रामुख्याने लिहिला, मार्क सिल्व्हेस्ट्री आणि वॉल्टर सायमन्सन यांनी तो रेखाटला. लिंबो आणि न्यूयॉर्क यांच्यामधलं दार उघडतं आणि शहर जिवंत होऊन माणसांवर उलटतं. लिफ्ट माणसं गिळते. टपालपेट्यांना दात फुटतात. एम्पायर स्टेट बिल्डिंग आभाळात वाढत जाते. ते दार कायमचं उघडं ठेवायला म्युटंट अर्भकांचे बळी हवे असतात, आणि मॅडेलिन स्वतःच्या नेथनला वेदीवर धरून उभी राहते.

जाता जाता पोशाखाबद्दल. वैमानिक असताना ती अंगभर कपड्यांत, काम करणाऱ्या बाईसारखी दिसते. जसजशी ती दैत्यांकडे जाते तसतसे कपडे फाटत जातात, देह उघडा पडत जातो. पुरुष खलनायक दुष्ट झाला तर त्याच्या अंगावर चिलखत चढतं, आणि बाई दुष्ट झाली तर तिच्या अंगावरचं उतरतं. त्या काळच्या कितीतरी कॉमिक्समध्ये हे दिसतं आणि मला ते आजही खटकतं.

बाळाचा बळी देणाऱ्या बाईबद्दल कळवळा कशाला?

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. टाकलेल्या प्रत्येक बाईने शहरं पेटवलेली नाहीत. अर्भकावर हात उगारण्याला दुःख हे कारण असेल, पण ती सबब होत नाही. इन्फर्नोच्या पानांवर मॅडेलिन जे करते ते भयंकरच आहे आणि तिला थांबवणं भागच होतं.

पण दोन वेगवेगळे प्रश्न आपण एकात मिसळतो. एक, तिने केलं ते वाईट होतं का? होतं. दुसरा, तिला ते करायला कोणी लावलं? पानावर याची उत्तरं सिनिस्टर, सिम आणि नॅस्टिर. पानाबाहेर उत्तर असं, की नायक पुन्हा नायक म्हणून उभा राहायला हवा होता. ज्याने बायको टाकली तो माणूस वाचकांच्या नजरेतून उतरला होता. बायकोच जर राक्षसीण निघाली, मुळात खरी बायको नव्हतीच असं ठरलं, मूल मारायला निघाली, तर त्याने तिला सोडलं हे मागे वळून पाहताना योग्यच वाटू लागतं. आरोपीची सुटका करायची तर फिर्यादीलाच गुन्हेगार ठरवायचं, तसं हे झालं.

घटस्फोट का दाखवला नाही? साधा, दुःखी, माणसांसारखा घटस्फोट? अमेरिकी कॉमिक्सवर १९५४ पासून ‘कॉमिक्स कोड’ ही प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली होती. घटस्फोट इष्ट म्हणून दाखवू नये, असं तिच्यात स्पष्ट कलम होतं. ऐंशीच्या दशकापर्यंत कोडाची पकड बरीच ढिली झाली होती, आणि इन्फर्नो त्या कलमामुळे घडलं असं मी म्हणणार नाही. पण तीस वर्षं ज्या धंद्याला हे वळण लागलेलं असतं, त्याला तुटलेल्या लग्नापेक्षा मेलेली बायको रंगवणं सोपं जातं.

ती तर प्रत, तिचं दुःख खरं कसं?

हाही प्रश्न बरेच जण मनापासून विचारतात. तिचं प्रेम सिनिस्टरने पेरलेलं, आठवणी भरलेल्या, मग तिच्यात ‘ती’ किती?

मी असा विचार करतो. एका ज्योतीने दुसरी ज्योत लावली, तर दुसरीचा प्रकाश उसना असतो का? पहिली विझली तरी दुसरी तेवत राहते, तिचं तेल तिचंच जळतं. मॅडेलिनचं बालपण खोटं होतं, पण अलास्कात तिने चालवलेली विमानं खोटी नव्हती. नेथनचा जन्म तिच्याच देहातून झाला. लोकीची देणगी परत गेली ते दिवस तिचेच होते. जागं झाल्यानंतरचा प्रत्येक दिवस तिने स्वतः जगलेला आहे. माणूस कशातून घडला यावर त्याचं खरेपण ठरवायचं म्हटलं, तर आपल्यापैकीही कोणी स्वतःचं मूळ स्वतः निवडलेलं नाही.

कथेतला न्यायही इथे असमान आहे. इन्फर्नोमध्येच इलियाना रास्पुटिन ही दुसरी मुलगी आहे. सहा वर्षांची असताना लिंबोत ओढली गेली, तिथे सात वर्षं वाढली, पृथ्वीवर मात्र क्षणभरच गेला होता. तिचा आत्मा अर्धा दैत्यांचा झालेला. पण कथेच्या शेवटी ती पुन्हा निरागस बालिका होते, तिची दैत्यवर्षं पुसली जातात. त्याच आगीत मॅडेलिन मरते. इलियानाला पुसून टाकता आलं, कारण तिने कोणत्याही नायकाला अडचणीत आणलेलं नव्हतं.

राक्षसिणी तर पुष्कळ आहेत, हिचं वेगळेपण काय?

कॉमिक्स कोडाने सुरुवातीला भुतंखेतं, रक्तपिपासू वगैरेंना बंदीच घातली होती. १९७१ मध्ये नियम सैल झाले आणि दैत्यांची रांग लागली. सैतानाची मुलगी सटाना १९७३ मध्ये आली. दैत्यांची आई लिलिथ ‘घोस्ट रायडर’मध्ये १९९२ मध्ये आली. या जन्माने दैत्य. त्यांना दुष्ट व्हायला कारण लागत नाही, त्यांच्याबाबत गोष्ट असलीच तर त्या चांगल्या होतील का एवढीच.

मॅडेलिनची दिशा उलटी आहे. आधी माणूस, मग दैत्य, आणि दोन्हींच्या मधली प्रत्येक पायरी वाचकाने महिन्यामहिन्याने पाहिलेली. सटाना दुष्टपणे वागली तर आपण पान उलटतो. मॅडेलिन वागते तेव्हा मनात येतं, त्या दिवशी तो फोन आला नसता तर?

शेवट, आणि शेवटानंतर

‘एक्स-फॅक्टर’च्या ३८व्या अंकात मॅडेलिन मरते. मरताना ती जीनच्या मनाला घट्ट पकडते, तिलाही सोबत न्यायला. जीन वाचते ती एकाच कारणाने: पूर्वी नाकारलेली ठिणगी आता ती स्वीकारते. त्यासोबत मॅडेलिनच्या सगळ्या आठवणी जीनकडे येतात. स्कॉटच्या प्रेमाच्या, घराच्या, बाळाच्या. नेथन पुढे भविष्यात पाठवला जातो आणि मोठा होऊन केबल या नावाने परततो. जीन आणि स्कॉटचं लग्न १९९४ मध्ये होतं. मॅडेलिनच्या हाती काहीच राहत नाही.

कॉमिक्समध्ये मरण क्वचितच पक्कं असतं. १९९५ मध्ये ती एकदा परत आली, नंतरही अधूनमधून येत राहिली, बहुतेक वेळा सूड घेणारी जुनीच राक्षसीण म्हणून. खरा बदल झाला तो २०२० नंतर. तोवर म्युटंटांनी आपल्या मेलेल्यांना पुन्हा जिवंत करण्याची विद्या मिळवली होती. ‘हेलियन्स’ मालिकेत मॅडेलिन मारली जाते. स्कॉटचा भाऊ ॲलेक्स तिला जिवंत करण्याची विनंती करतो आणि ती फेटाळली जाते, कारण ती क्लोन. तीस वर्षांपूर्वी कथेने जे न बोलता केलं होतं, ते इथे पात्रांच्या तोंडून उघड बोललं गेलं, आणि वाचकांना ते टोचावं अशीच लेखकाची इच्छा होती. पुढे तिला परत आणलं गेलं, आणि २०२२ मध्ये लिंबोचं सिंहासन तिला मिळालं. दिलं कोणी? मोठी झालेल्या इलियानाने. त्या आगीतून एक सुटली होती, दुसरी सुटली नव्हती. सुटलेलीने स्वतःहून राज्य दुसरीच्या हाती दिलं.

त्याच वर्षाच्या शेवटी ‘डार्क वेब’ नावाचा क्रॉसओव्हर सुरू झाला. मॅडेलिन पुन्हा न्यूयॉर्कवर दैत्य घेऊन येते, सोबत स्पायडरमॅनचा क्लोन बेन रायली. आपल्याकडून जे काढून घेतलं गेलं ते दोघांनाही परत हवं असतं. पण या वेळी तिचं मागणं नीट ऐकून घेतलं जातं. तिला शहर नको असतं, स्कॉट नको असतो. १९८९ मध्ये तिच्या मरणासोबत जीनकडे गेलेल्या, नेथनच्या तान्हेपणाच्या आठवणी तिला हव्या असतात. त्या आपल्याकडे आहेत आणि तिच्याकडे नाहीत, हे जीनला ठाऊक असतं.

जीन नकार देत नाही. नेथनच्या सगळ्या आठवणी ती तिच्या स्वाधीन करते.